पाच जणांवरचा खर्च

नाशिक,
गुरुवार, रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, कितीतरी पोरांना वेळेवर फॅक्टर मिळत नाही आणि सरकार पाच माणसांवरच्या प्रयोगाला पैसे देतं." मी गप्प बसले. तुझ्यासारख्या हिमोफिलियाच्या मुलांचं रक्त नीट गोठत नाही, त्यांना फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, टोचावंच लागतं; म्हणून तुझा राग मला कळतो, पण वेल्लोरच्या त्या प्रयोगाबद्दलचं तुझं म्हणणं मला पटलेलं नाही.

तू दहा महिन्यांचा असताना पडलास आणि ओठ आतून फाटला. तीन दिवस रक्त झिरपत होतं. तुझ्या पोटऱ्यांवरचे काळेनिळे डाग पाहून एका डॉक्टरांनी मलाच विचारलं, "मारता का याला?" रिपोर्ट आला तेव्हा कळलं, तुझ्या रक्तात फॅक्टर आठ हे प्रथिन नेहमीच्या एक टक्क्याहूनही कमी आणि तो दोष माझ्याकडून आलेला. त्या रात्री मला सिन्नरचा तुझा मामा आठवला. नववीत होता, दाढ काढली आणि चौथ्या दिवशी गेला. घरात सगळे म्हणत, दैव. रक्तातून क्रायो, म्हणजे फॅक्टर आठ असलेला अंश, वेगळं काढायची रीत अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी १९६४ सालीच शोधली होती. पण मामाला काय झालंय हे ओळखणारंच कुणी नव्हतं.

म्हणून फॅक्टरला पैसे हवेतच, त्यात वाद नाही. पण फॅक्टर आठ टोचला की साधारण बारा तासांत निम्मा उरतो. तुला लहानपणापासून त्र्यंबक रोडवर सिव्हिलला नेतेय, किती वेळा ते मोजणंच सोडलं. हा खर्च या वर्षी केला, पुढच्या वर्षी पुन्हा केला, तरी तुझा गुडघा रक्ताने भरायचा तेव्हा भरतोच.

वेल्लोरला त्या पाच जणांच्या बाबतीत काय केलं, नीट वाच. त्यांच्याच रक्तातल्या मूळ पेशी (स्टेम सेल) काढल्या, लेंटीव्हायरस नावाच्या विषाणूच्या मदतीने त्यांत फॅक्टर आठचा जनुक घातला आणि त्या त्यांनाच परत दिल्या. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉ. आलोक श्रीवास्तव यांचं हे काम, सोबत अमेरिकेतलं एमोरी विद्यापीठ, आणि पाठबळ केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं. डिसेंबर २०२४ मध्ये ते 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं. उपचारानंतरच्या नोंदींत पाचही जणांच्या रक्तस्रावाचा आकडा शून्य आहे. शून्य, ओंकार! मी ती ओळ बाबांना दोनदा वाचून दाखवली.

हे इथेच, आपल्या पैशांतून का व्हायला हवं? हिमोफिलिया बीवरच्या, म्हणजे फॅक्टर नऊच्या कमतरतेवरच्या, जनुकोपचाराला २०२२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, त्याच्या एका डोसची किंमत ३५ लाख डॉलर ठेवली. शोध ज्याचा, किंमतही तोच ठरवणार. मग सुरगाण्याच्या एखाद्या गरीब आईने कुणाच्या दारात उभं राहायचं?

तू आता अठरा पूर्ण केलीस, उद्या कदाचित तुलाही कुणी अशा चाचणीबद्दल विचारेल. घाई करू नकोस. नव्या पेशी देण्याआधी केमोथेरपी द्यावी लागते, आणि पाच माणसं म्हणजे फार थोडी. पुढे काय होतं हे कळायला वर्षं जातील, ती वर्षंही कुणीतरी पैसे देऊन सांभाळायला हवीत. मला भीती वाटते, हेही लिहून ठेवते.

ताईकडेही हा दोष आहे का, म्हणजे ती वाहक आहे का, हे पाहायला मागच्या आठवड्यात आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईत परळला गेलो. केईएम हॉस्पिटलच्या आवारातली ती संस्था आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, १९५७ साली रक्तगटांच्या केंद्रापासून सुरू झालेली. तिथल्या संशोधकांनी हिमोफिलिया ए, म्हणजे तुझाच आजार, आणि वॉन विलेब्रँड हा रक्त नीट न गोठण्याचा दुसरा आजार ओळखायचं स्वस्त किट बनवलंय, जागच्या जागी निदान होतं. गाडीत परतताना इगतपुरीपर्यंत मी मामाचाच विचार करत होते. ताईने माझा हात धरून ठेवला होता. तिचा रिपोर्ट यायचाय.

एक काम सांगते. पुण्याला गेल्यापासून तू ब्लीडच्या, म्हणजे रक्तस्रावाच्या, वहीत काही लिहिलेलं नाहीस. किती ब्लीड झाले, कुठल्या सांध्यात, फॅक्टरचे किती युनिट लागले, हे आधी ठाऊक असेल तरच उपचारानंतर काय बदललं ते कुणाला दाखवता येतं. त्या पाच जणांच्याही नोंदी आधी अशाच कुणीतरी ठेवल्या असणार. मागच्या महिन्यातल्या डाव्या गुडघ्यापासून सुरुवात कर, तारीख आठवत नसेल तर मला विचार.

तुझी
आई