निवेदन नेण्याआधी

कोथरूड, पुणे

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या महिला उद्योजक गटाचं निवेदन दोनदा वाचलं. चौदा मागण्या आहेत आणि सगळ्या खऱ्या आहेत, पण हे असंच्या असं नेऊ नका. "महिला उद्योजकांना प्रोत्साहन मिळावं" याला कुणीच नाही म्हणत नाही. कागदावर "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा पडतो, तो खालच्या टेबलावर जातो आणि तिथेच राहतो. प्रत्येक मागणीत कोणता नियम, त्यात आज काय लिहिलंय आणि त्याजागी काय लिहायचं, एवढं हवंच. ही चाळणी लावली की चौदातल्या तीन उरतात. त्या तीन घट्ट धरा.

पहिली अडकलेल्या पैशांची. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बहुतेकींचा जीव तिथेच टांगलेला असतो. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा तसा कडक आहे. कलम 15 प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही, आणि करार नसेल तर 15 दिवस. कलम 16 प्रमाणे चुकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक रेट 6 टक्के धरला तर 4 लाखांवर तीन महिन्यांच्या उशिराचे 18,271 रुपये होतात. हे व्याज कुणी मागत नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर दुसरीकडे जाते. म्हणून "कायद्याची कडक अंमलबजावणी करा" ही ओळ काढून टाका. पुरवठादाराला तोंड उघडावं न लागता पैसे येतील, अशी दुरुस्ती मागा.

ती जागा जीएसटीत आहे. 18 टक्क्यांच्या मालाचं 4 लाखांचं बिल म्हणजे 72 हजार कर. दरमहा रिटर्न भरणाऱ्या बाईने 25 जूनला माल पोचवला, तर 20 जुलैला हे 72 हजार तिच्या खिशातून जातात. खरेदीदाराची 45 दिवसांची मुदत संपते 9 ऑगस्टला. म्हणजे समोरच्याने कायदा तंतोतंत पाळला तरी कर आधी ती भरते, आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून तेवढी वजावट, खरेदीदार घेतो. पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर हे क्रेडिट परत करावं लागतं, पण कधी? बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांनी. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 16(2) च्या दुसऱ्या परंतुकात हा आकडा बसलेला आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांपुरता तो 45 करा, एवढीच मागणी लिहा.

कुणी म्हणेल, आयकराच्या 1961 च्या कायद्यात कलम 43ब(एच) आलंच की. 2023 च्या वित्त कायद्याने आलं, 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं, मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट ती प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. पण त्याची कात्री 31 मार्चलाच चालते. जूनचं बिल फेब्रुवारीत दिलं तरी त्या वर्षाची वजावट शाबूत राहते. हे निवेदनात दोन ओळींत लिहा, म्हणजे "तुमची सोय झालेलीच आहे" हे उत्तर येणार नाही. आणि गटातल्या ज्यांच्या उद्यम प्रमाणपत्रावर, म्हणजे केंद्राच्या लघुउद्योग नोंदणीवर, फक्त व्यापार आहे, त्यांना या 45 दिवसांचं संरक्षण मिळत नाही. त्यांची बिलं पुराव्यात घालू नका. एक चुकीचं बिल सापडलं की सगळ्या तक्त्यावरचा विश्वास उडतो.

तक्ता मात्र करायचाच. वीसजणींची प्रत्येकी पाच बिलं घ्या: पोच तारीख, बिल तारीख, पैसे आल्याची तारीख, मधले दिवस. नावं झाका, आकडे ठेवा. यात घोळ होतो तो चलनावर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पोचेच्या कागदावर. 45 दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचवल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. प्रत्यक्षात स्टोअरमधला माणूस चलनावर नुसती सही करतो, तारीख टाकत नाही, शिक्का उमटतो तो अर्धा. मग खरेदीदाराचं खातं आवक नोंदवतं आठवड्याने आणि मुदत तिथून मोजतं. सही, तारीख, शिक्का आणि स्वच्छ नाव, चौघं दिसल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर काढू नका असं ड्रायव्हरला सांगून ठेवा. बिलावर उद्यम क्रमांक छापा. ज्यांची नोंदणी नाही त्यांनी आजच करावी, ती फुकट असते. उद्या केलेली नोंदणी कालच्या पुरवठ्याला लागू होईल असं धरून चालू नये.

दुसरी मागणी व्याख्येची, थोडक्यात आटोपेल. केंद्राच्या खरेदी धोरणात महिलांचा 51 टक्के हिस्सा असला की उद्योग महिलेचा. राज्याच्या 2017 च्या महिला उद्योजक धोरणात भांडवल 100 टक्के महिलांचं आणि निम्म्या कामगार महिला. मुलगा किंवा दीर 10 टक्क्यांचा भागीदार झाला की तीच बाई दिल्लीच्या लेखी उद्योजक आणि मुंबईच्या लेखी नाही. राज्यातही 51 टक्के करा.

तिसरी खरेदीची. केंद्राच्या 2012 च्या आदेशानुसार, त्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर, मंत्रालयांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा, आणि त्या 25 मध्येच एकूण खरेदीच्या 3 टक्के महिलांकडून. पुण्यात मुख्यालय असलेली म्युनिशन्स इंडिया याच आदेशाखाली येते. महापालिका येत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी स्वतःच्या निविदांत तोच 3 टक्के आणावा, असं मागा. आधी माहितीचा अधिकार वापरा: गेल्या तीन वर्षांत एकूण खरेदी किती, त्यात महिलांच्या उद्योगांकडून किती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तराला 30 दिवस. "अशी नोंद ठेवली जात नाही" असं उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. मला तर तेच जास्त उपयोगाचं वाटतं.

अमेरिकेतल्या महिला उद्योजकांनी 1988 चा कायदा मिळवला तो असाच. त्याआधी तिथल्या काही राज्यांत धंद्याच्या कर्जासाठी घरातल्या पुरुषाची सही लागायची. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या बायकांनी काँग्रेसच्या सुनावण्यांत साक्षी दिल्या, आणि सहीची अट जाण्याबरोबरच महिलांच्या कंपन्या सरकारी गणतीत नीट धरल्या जाव्यात हेही मिळवलं. सरकारी खरेदीत 5 टक्क्यांचं लक्ष्य आलं ते त्यानंतर, 1994 मध्ये. आधी मोजणी, मग वाटा. आपल्याकडे अशी सही मागणारा कायदा नाही, तरी शाखेत "मिस्टरांनाही घेऊन या" ऐकावं लागतं आणि मला त्याचा फार संताप येतो. अशा वेळी एवढंच म्हणायचं: ही अट कोणत्या परिपत्रकात आहे ते लेखी द्या.

आता कुणाकडे न्यायचं ते. तिन्ही मागण्या एका कागदावर नकोत, दारं वेगळी आहेत. जीएसटीचं कलेक्टरांच्या हातात नाही. ते राज्याच्या वित्तमंत्र्यांना द्या, कारण जीएसटी परिषदेत राज्यातर्फे मत मांडलं जातं. 1934 पासून इथे असलेल्या मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेला प्रत द्या. व्याख्येचं उद्योग विभागाला, आणि जिल्हा उद्योग केंद्रामार्फत जिल्हा उद्योग मित्र समितीच्या विषयपत्रिकेवर. ती कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली भरते आणि तिचं इतिवृत्त निघतं. खरेदीचं दोन्ही आयुक्तांना, अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. फोटो काढायला सगळ्याजणी जातात आणि आवकचा शिक्का घ्यायचा राहून जातो, तसं करू नका. स्थानिक आमदारांना वेगळी एक पानाची प्रत द्या आणि शेवटी तारांकित प्रश्नाचा मसुदा तयार करूनच द्या. तयार प्रश्न असला की तो पुढे जाण्याची शक्यता वाढते.

बिलांचा तक्ता झाला की मला पाठव. दिवसांची मोजणी मी तपासते, कलमांचे आकडे पुन्हा एकदा मूळ कायद्याशी ताडून देते. चलनांच्या झेरॉक्स दोन्ही बाजूंच्या काढ, शिक्का बऱ्याचदा मागे असतो.

तुझी,
वृंदा