सॅक पुरली आणि सापडायला २३ मिनिटं लागली

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत गुलमर्गवर अख्खं पान होतं, फोटो एकदम झकास, आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर कुणीतरी ते टाकलं आणि दहा मिनिटांत सहा जणांचं 'चलाच' आलं. लेखावर राग नाहीये. पण गोंडोलाने, म्हणजे तिथल्या केबल कारने, अगदी वरपर्यंत जा आणि तिथून मनसोक्त स्की करत खाली या, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं, तिथे मी चहा बाजूला ठेवला आणि हे लिहायला घेतलं. पत्र लांब वाटलं तर कापा, फक्त हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधणाऱ्या बीकनचा भाग कापू नका.

आम्ही पाच मित्र, सगळे पन्नाशीच्या अल्याडपल्याड, सह्याद्रीत पंचवीस वर्षं फिरतोय, घसारा म्हणू नका रॉकपॅच म्हणू नका, सगळं झालंय, आणि हाच खरा प्रॉब्लेम आहे कारण डोंगर आपल्याला कळतो असं वाटायला लागतं. पहिल्या हिवाळ्यात गुलमर्गला लहान मुलांच्या उतारावर आठवडाभर पडलो, दुसऱ्या हिवाळ्यात वळायला आणि थांबायला जमलं, आणि तिसऱ्या वर्षी एका आयोजकाचं ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या उतारांबाहेरच्या स्कीचं पॅकेज घेतलं. नाव लिहीत नाही, असे बरेच आहेत. नऊ जणांत एक गाइड आणि नऊ जणांत दोन बीकन! बाकीच्यांचे कुठेत विचारलं तर म्हणे सर, रोज लोकं जातात, काही होत नाही.

वाचकांसाठी सांगतो, बीकन म्हणजे जॅकेटच्या आत छातीशी बांधायचं छोटं यंत्र, ते सतत सिग्नल पाठवत असतं. कुणी हिमस्खलनात गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधायच्या मोडवर टाकायचं, सिग्नलचा माग काढायचा, मग प्रोब म्हणजे लांब घडीची सळई बर्फात खुपसत नेमकी जागा शोधायची आणि फावड्याने खणायचं. तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे लागतात. ज्याच्याकडे बीकन नाही तो सापडत नाही, आणि दुसऱ्याला शोधूही शकत नाही. आणि वेळ फार कमी असतो, पहिल्या पंधरा मिनिटांच्या आसपास बाहेर काढलेले बहुतेक लोक वाचतात, त्यानंतर आकडा धाडकन खाली येतो कारण श्वास कोंडतो. खालून मदत येईपर्यंत हा वेळ निघून गेलेला असतो, म्हणजे वाचवणार कोण तर सोबतचे मित्रच.

आम्ही दोन दिवस भांडलो, मग पॅकेज सोडलं, थोडे पैसे बुडाले. ओळखीतून एक तिथलाच काश्मिरी गाइड मिळाला, वयाने आमच्याहून लहान पण आम्ही सगळे त्याला भाईजानच म्हणायचो. त्याने पहिल्या दिवशी स्की घालूच दिल्या नाहीत. आमच्या बँकवाल्या मित्राची सॅक घेतली, त्यात बीकन चालू करून ठेवला, आम्हाला पाठ फिरवायला सांगून ती कुठेतरी पुरली आणि म्हणाला, ढूंढो. चौघं बीकन घेऊन धावलो, दोघं एकाच जागी, एक जण भलतीकडे, एकाचा शोधायच्या मोडवर टाकलेलाच नव्हता त्यामुळे बाकीच्यांना त्याचाच सिग्नल मिळत होता, फावड्याचा दांडा कसा जोडायचा यावर तिथेच चर्चा. २३ मिनिटं. सॅक जेमतेम तीन फुटांवर होती. भाईजानने घड्याळ दाखवलं आणि बँकवाल्याकडे बघून शांतपणे म्हणाला, ये साहब तो गए. आधी हसलो सगळे. मग कोणी बोलेना.

दुसऱ्या दिवशी स्किन लावून चढलो. स्किन म्हणजे स्कीच्या पोटाला चिकटवायची केसाळ पट्टी, पुढे सरकते पण मागे घसरत नाही, टाच मोकळी ठेवायची आणि चालत राहायचं, देवदारांमधून फक्त सरक सरक आवाज आणि आतून घामाने भिजलेलो, खरं सांगतो उतरण्यापेक्षा मला हेच जास्त आवडलं. झाडी संपली तिथे भाईजानने थांबवलं आणि कमरेएवढा खड्डा खणला. वरचा थर घट्ट, स्लॅबच, म्हणजे फरशीसारखा एकसंध, आणि तळाला साखरेसारखे मोकळे दाणे. मूठभर हातात देऊन म्हणाला लाडू बनाओ. तुपाशिवाय रव्याचे लाडू वळायला घ्यावेत तसं झालं, सगळं बोटांतून गळून गेलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ पडतो, मग बरेच दिवस कडाक्याची थंडी, जमीन त्या मानाने उबदार आणि वरची हवा गारठलेली, त्या फरकाने आतला बर्फ असा दाणेदार होतो आणि त्यावर पुढे फूट-फूट नवा बर्फ साचतो. म्हणजे जाड्या रव्यावर फरशी ठेवल्यासारखं, आणि आपण जाऊन त्या फरशीवर उभे! ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर बहुतेक स्लॅब सुटतात, आणि स्कीला मजा येते तेही नेमके हेच उतार. गाडले जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो स्लॅब स्वतः किंवा सोबतच्याने सोडवलेला असतो.

समोरचा पांढराशुभ्र उतार सोडून आम्ही मागे फिरलो आणि झाडीतून खाली बाबारेशी गावाकडे उतरलो. एक मित्र संध्याकाळपर्यंत फुगून बसला होता, कहवा पण घेतला नाही त्याने.

फुगणाऱ्यांसाठी हे सांगायलाच हवं. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले, बर्फाचंच ट्रेनिंग घेणारी माणसं होती ती. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्याच अफरवट डोंगरावर हापतखुदला दोन पोलिश स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गलाच एक रशियन स्कीअर गेला, तेव्हा गुलमर्गमध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू होत्या. गोंडोलाच्या खालचा पट्टा स्की पेट्रोल म्हणजे उतारांवर गस्त घालणारं पथक बघतं, त्याबाहेर कोणी बघत नाही, पण केबिनमधून उतरल्यावर हा फरक नवख्याला दिसत नाही, सगळीकडे सारखाच पांढरा रंग आणि कुणाच्या तरी स्कीचे माग. शिवाय गोंडोला गुलमर्गच्या साधारण ८,७०० फुटांवरून तुम्हाला १३,००० फुटांच्या आसपास नेऊन सोडतो, डोकं जड झालेलं असतं ते वेगळंच.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा हॉटेल आणि विमानाच्या चौकटीशेजारी अजून एक चौकट द्या. आयोजकाला काय विचारायचं, गाइडमागे माणसं किती, बीकन प्रत्येकाला आहे का, सराव करून घेणार का, आजचं हिमस्खलनाचं बुलेटिन कुणी वाचलं का. उत्तर गोलगोल आलं तर बेबी स्लोपवर आठवडा काढावा, तिथेही पडायला भरपूर मिळतं, स्वानुभव आहे.

आम्ही आता पाच बीकन वर्गणी काढून घेतलेत, स्वस्त नाहीत, बायकांना खरा आकडा सांगितलेला नाही (म्हणून खाली नाव नको). रविवारी सकाळी तळजाई टेकडीवर पाचोळ्यात लपवून शोधायचा सराव करतो. शेवटचा टाइम साडेचार मिनिटं, अर्थात पाचोळा खणावा लागत नाही. फिरायला येणारे एक आजोबा दर वेळी थांबून विचारतात, काय हो, सापडली का किल्ली?

– एक वाचक, सहकारनगर, पुणे