मेळाव्याला जाण्याआधी

रोजगार मेळाव्याची नोंदणी ‘महास्वयम’ या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर होते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पुढचे कोणी सांगत नाही. मागच्या महिन्यात भाच्याबरोबर तालुक्याच्या मेळाव्याला गेलो. बायोडेटाच्या पाच झेरॉक्स अकरालाच संपल्या, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ही भलीमोठी रांग! खरी पंचाईत नंतर कळली. अर्ज नेट कॅफेवाल्याने भरलेला. ईमेल त्याने स्वतःचाच टाकलेला. मुलाखतीचा निरोप त्याच्याकडेच पडून राहिला. शिवाय गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. अर्जात कोणते लिहायचे, यावर टेबलापाशीच खल! महाविद्यालयांनी मेळाव्याआधी एक दुपार काढून मुलांना स्वतःचा अर्ज स्वतः भरायला बसवावे, ही विनंती.

– एक मामा, सातारा