शिंकेने फुटलेली चौकट

नौपाडा, ठाणे

प्रिय शिऱ्या,

तुझ्या कॉमिकची पानं कुरियरने पोचली. रेघ झकास उतरलीय; रिक्षावाल्याच्या खांद्यावरचं फडकं तर बघतच राहिलो. पण एका गोष्टीवर भांडायचंय. तुझा हा पठ्ठ्या दुसऱ्याच चौकटीत रेघेवर टांग टाकून बाहेर येतो नि वाचकाला डोळा मारतो. इतक्यात? अजून त्याची नि माझी धड ओळखही नाही. तो आत राहिला काय नि बाहेर आला काय!

अमेरिकन चित्रकार विन्सर मॅकेचा सॅमी आठव, वर्तमानपत्रातल्या 'लिटल सॅमी स्नीझ' या चित्रपट्टीतला. १९०४ पासून दर खेपेला तेच: सहा सारख्या चौकटी, पोराला शिंक येते, भोवतालचं सगळं उधळतं, शेवटी हकालपट्टी. मग येतो २४ सप्टेंबर १९०५ चा भाग. मागे घर नाही, दुकान नाही. कोरी जागा आणि एकटा सॅमी. नाक वर चढतं, तोंड वासतं, शिंक सुटते आणि चौकटीचीच रेघ काचेसारखी तडकते! शेवटच्या चित्रात तिचे तुकडे त्याच्या अंगावर पडलेत. भाषणबिषण काही नाही. वर्षभर ती रेघ इमानदारीने आखली होती रे, म्हणून ती फुटलेली ऐकू येते.

तू म्हणशील, मग जॉन बर्नने काढलेली शी-हल्क, ती मार्व्हल कॉमिक्समधली हिरवी बाई? ती तर १९८९ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावरूनच दम देते, की माझा अंक घे, नाहीतर घरी येऊन तुझे 'एक्स-मेन' कॉमिकचे अंक फाडीन. मान्य. पण पुढे ती वेळ वाचवायला पान फाडून, मधल्या जाहिरातींतून चालत पलीकडच्या प्रसंगात जाते, तिथे मी खरा गार झालो. नुसत्या गप्पांचं काय मोठं?

त्यातून आपण पडलो नाटकवाले. तमाशातला सोंगाड्या पब्लिकशी बोलतोच. गडकरी रंगायतनला कुणाचा मोबाईल वाजला की नट भूमिकेतूनच टोला हाणतो आणि वर टाळी घेतो. पात्राने 'काय मंडळी' म्हटलं तर मराठी माणसाला धक्का बसत नाही, उलट बरंच वाटतं. म्हणून म्हणतो, रंगमंचाला जमणार नाही ते कर. फ्रेंच चित्रकार मार्क-आंतोआन मातियूने १९९० च्या 'लोरिजिन' या कॉमिकमध्ये पानातली एक चौकट चक्क कापून काढली. त्या भोकातून पुढच्या पानावरचं चित्र आधीच दिसतं. पान उलटलं की मागचं पुन्हा डोकावतं. पात्रांचं भविष्य कागदाला भोक पाडून दाखवलं लेकाने!

तुझ्या तिसऱ्या पानावर घोडबंदर रोडचा ट्रॅफिक आहे ना? तिथे सगळ्या चौकटी एकसारख्या ठेव. गाडी इंचभर हलू देऊ नकोस, वाचक वैतागला तरी चालेल. मग शेवटी रिक्षा दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीतून काढ. नाहीतरी रिक्षावाले दुसरं काय करतात?

नवी पानं पुन्हा कुरियरनेच पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवरचे तुझे फोटो नकोत. कडा कापतोस आणि मग मी रेघा शोधत बसतो.

तुझा,
बंड्या