रिकामं ठेव, पण पाटी लाव

परभणी

चि. प्रज्ञास,
सप्रेम जय भीम.

काल देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसवलं तेव्हा तू खिडकीतून धड बोलली नाहीस. अमेरिकेत बाल्टिमोरला पोचेपर्यंत तुझा राग जाईल, पण तोवर मला दम निघत नाही, म्हणून लिहायलो.

आधी एकच सांगतो, परत काढणार नाही. रात्री एकटी फिरायचं नाही. तिथं काळ्यासावळ्या माणसाकडं कसं बघतात ते तूच मला व्हिडिओ दाखवून सांगितलंस.

"रिकाम्या चौथऱ्यांसाठी शिष्यवृत्ती घेऊन एवढं लांब जायचं?" हे माझं बोलणं तुला लागलं. तू दाखवलेले ते चौथऱ्यांचे फोटो मी रात्री आईच्या मोबाइलवर परत बघितले. 1992 साल, बाल्टिमोरचंच इतिहासाचं म्युझियम. फ्रेड विल्सन या काळ्या कलाकारानं तिथल्याच वस्तू नव्यानं मांडल्या. एकीकडं नेपोलियन, आणि हेन्री क्ले, अँड्र्यू जॅक्सन हे अमेरिकेचे पुढारी, यांचे अर्धपुतळे, तिघांतला एकही मेरीलँडचा, म्हणजे बाल्टिमोरच्या राज्यातला, नाही. दुसरीकडं तीन चौथरे, वर काहीच नाही, फक्त नावं: गुलामांना पळवून सोडवणारी हॅरिएट टबमन, गुलामगिरीविरुद्ध लढणारा फ्रेडरिक डग्लस, आकाशाचं गणित मांडणारा बेंजामिन बॅनेकर. तिघंही त्याच मातीतले. आणि चांदीच्या नक्षीदार भांड्यांशेजारी गुलामांच्या बेड्या, दोन्हींना मिळून एकच पाटी: धातुकाम.

फ्लेक्स येईपर्यंत मी पाट्या रंगवूनच घर चालवलं. त्यामुळं माझी नजर चौथऱ्याआधी नावावर गेली. ती नावं काढून टाक, मग राहतात तीन स्टुलं. नाव आहे म्हणून तिथं कोण नाही ते कळतं. तुझ्या मुंबईच्या प्रदर्शनातल्या रिकाम्या खोलीत मला हेच कमी वाटलं. तू आपलं आडनावसुद्धा टाकलं नव्हतंस. का ते मी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

पॅरिसचा तो चित्रकार ईव्ह क्लाइन, 1958 मध्ये गॅलरीतलं जवळपास सगळं सामान बाहेर काढून भिंती पांढऱ्या करणारा, तो मला पटत नाही. ज्याचं घर भरलेलं, त्याला रिकामं करायची हौस परवडते. आपलं रिकामं दुसऱ्यांनी केलेलं आहे. डेव्हिड हॅमन्स या काळ्या कलाकाराचं मात्र आत गेलं. 2002, न्यूयॉर्क, मोठाल्या अंधाऱ्या खोल्या, आत काही नाही, आणि येणाऱ्याच्या हातात बोटाएवढा निळा दिवा. त्या अंधारात कोण काळा कोण गोरा, काय दिसणार? बाहेर रस्त्यावर आलं की दिसतं. म्हणून म्हणतो, रात्री एकटी... बघ, परत तिथंच आलो.

1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलैत झाला आणि पुढं आपली वस्ती जळाली. मी शाळेत होतो तेव्हा. पत्रे वाकून पडलेले, दाराची चौकट तेवढी उभी. माझी माय शेणकाला घेऊन आली आणि भिंती नसलेली जमीन सारवायला बसली. जिथं कोपरा होता तिथं तिचा हात वळायचा, भिंत असल्यागत. शेजारीण म्हणाली, काय करायलीस ग? माय म्हणाली, "घर हाय हे." शीलाआत्याला यातलं काही आठवत नाही, तिला विचारूही नकोस.

14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. त्या रात्री चौकातली पाटी मी रंगवली. हात थरथरत होता, पण आंबेडकरमधला अनुस्वार गोल आला, अगदी मधोमध.

तिथल्या पोरांना मलिक अंबर सांग. लहानपणी खुलताबादला त्याच्या कबरीपाशी तू विचारलं होतंस, हबशी म्हणजे काय? इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, त्यानं 1610 ला खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली. पुढं त्या शहराची नावं बदलत गेली, त्यात त्याचं कधी आलं नाही. त्याचा एक चौथरा तू कर. रिकामं ठेव, पण पाटी लाव, आणि कोपऱ्यात करणारीचं नाव टाक, पूर्ण. पुढं नोकरीचंही बघ, नुसत्या कलेवर पोट भरत नाही, मामाचं काय झालं ते आपण बघितलं... जाऊ दे. माफ कर पोरी, निघताना लेकराला असलं ऐकवू नये. आपल्या घरातून विमानात बसणारी तू पहिली. कालपासून गल्लीत भेटेल त्याला तेच सांगायलो.

कारळाची चटणी आईनं वेगळ्या डब्यात दिली आहे, ती आधी संपव. आणि कॉलेजातून खोलीवर यायला उशीर झाला तर टॅक्सी कर, पायी येऊ नकोस. पैशाचं मी बघतो.

तुझा,
पप्पा