दिल्यास पत्र: बिडकीन, टोयोटा आणि पक्या

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून तुला लिहायचं राहतंय, शिव्या नंतर दे. तब्येत बरी, साखर जागेवर. लिहायला बसलो ते पक्यापायी. आयटीआयच्या फिटर कोर्सचे शेवटचे सहा महिने उरलेत आणि हा तो सोडून 'बिडकीनला येणाऱ्या टोयोटाच्या कारखान्यात लागतो' म्हणतोय. नोकरी लावून देतो म्हणून तिथल्या एका दलालाने दीड लाख मागितलेत, अण्णा म्हशी विकायला निघालेत.

31 जुलै 2024 ला टोयोटा आणि राज्य सरकारात झाला तो नुसता सामंजस्य करार. 20,000 कोटींची गुंतवणूक, 8,000 थेट नोकऱ्या, वर्षाला 4 लाख गाड्या, हे करारातले आकडे. त्यापुढे जागा, पर्यावरण मंजुरी, माती परीक्षण, पाया, शेड, यंत्रं, मग चाचणीच्या गाड्या. शेडपर्यंत लागतात गवंडी, सेंट्रिंगवाले, वेल्डर आणि वॉचमन, तेही ठेकेदारामार्फत. लाईनची भरती त्यानंतर. दलाल आज विकतोय काय? हवा!

वेल्ड शॉप आणि पेंट शॉपचं बरंचसं काम हल्ली रोबो करतात. माणसं लागतात असेंब्लीला आणि मेंटेनन्सला. रोबो अडला की सेन्सर, वायरिंग, पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) तपासणारा पोरगा शोधतात. अर्धवट फिटरला कोण विचारतो?

आता आपलं जुनं भांडण, मोठी कंपनी आली की आसपास धंदे उभे राहतात का, हे. 2001 ला शेंद्र्यात स्कोडा आली, तू पेढे वाटलेस (मी चार खाल्ले, तरी वाद घातला). 1985 ला बजाज वाळूजला आली ती भाग इथेच बनवून घेत, म्हणून पत्र्याची, कास्टिंगची, रबराची शेडं उभी राहिली. शेंद्र्यात गाड्या बराच काळ बाहेरून आलेल्या सुट्या भागांतून जोडल्या जात. पेट्या फोडायला इथला व्हेंडर, म्हणजे भाग पुरवणारा, कशाला? म्हणून मला कोटींपेक्षा एवढंच कळायला हवंय, की किती भाग मराठवाड्यात बनणार.

बनवायचे म्हटले तरी सोपं नाही. पीपॅपला, म्हणजे भाग मंजूर करून घेण्याच्या चाचणीला, सलग निदान 300 नग काढून दाखवायचे. ते पास होतात. गडबड नंतर होते: डायची (पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या साच्याची) धार बोथट होते, कडेला बर (खरखरीत कंगोरा) वाढतो, वाकवलेला पत्रा किंचित मागे उसळतो, भोक जिगमध्ये (भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीत) बसत नाही. डाय वेळेवर ग्राइंडिंगला काढली नाही तर अख्खा लॉट परत, वर डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापले. डाय सांभाळणारा माणूस वाळूजला आजही मिळत नाही, आणि तो फिटरमधूनच तयार होतो. हे पक्याच्या डोक्यात घाल.

टोयोटाने बंगळुरूजवळच्या बिडदीला 2007 मध्ये दहावी झालेल्या पोरांसाठी तीन वर्षांची निवासी प्रशिक्षण संस्था काढली. आपल्या पुढाऱ्यांनी फीत कापण्याआधी तसलं काही बिडकीनला मागावं. मागतील? तू हसतोयस, दिसतंय मला.

पक्याने आधी परीक्षा द्यावी, मग अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव घालावं; नोंदणी फुकट आहे. वर्षभर टूलरूम (जिथे डाय बनवतात, दुरुस्त करतात) मिळाली तर उत्तम, विद्यावेतन तुटपुंजं असलं तरी.

तुझ्या नव्या फ्लॅटचं कळलं, अभिनंदन. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? पक्याला संध्याकाळी पाचच्या आत फोन कर, नंतर तो क्रिकेटला पळतो आणि उचलत नाही.

तुझा,
सुऱ्या