अजिंठा-वेरूळला भाड्याची गाडी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांमध्ये अजिंठा-वेरूळवर लेख येतो आणि त्यातला सल्ला ठरलेला असतो: छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करा, तिथून गाडी ठरवा, एक दिवस अजिंठा, एक दिवस वेरूळ. हे वाचून कितीतरी घरांत बेत तिथेच मोडतो, कारण दोन दिवसांची गाडी आणि हॉटेल हेच साध्या घराला न झेपणारे खर्च असतात. वास्तविक हा सगळा मुलूख एसटीने नीट पाहता येतो. आखणी मात्र वेगळी हवी. ज्यांना प्रवासाची आवड आहे पण खिसा लहान आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. जागा मिळाली तर कृपया छापावे.

पहिली गोष्ट म्हणजे एकाच गावी तळ ठोकू नये. संभाजीनगरहून अजिंठा लेणी सुमारे १०० किलोमीटर. परत यायचे तर दिवसाचे २०० किलोमीटर नुसते बसण्यात जातात. तीच लेणी जळगावहून ६० किलोमीटरवर आहेत आणि जळगाव मुंबई-हावडा मुख्य रेल्वेमार्गावर आहे. रात्रीच्या रेल्वेने निघावे, सकाळी जळगावला उतरावे, नेरी-पहूर मार्गे फर्दापूरला जाणारी एसटी धरावी, लेणी पाहून संध्याकाळी तसेच पुढे संभाजीनगरला यावे. तिथून वेरूळ, मग जालना, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव करत शेगावला रेल्वे गाठावी. शेगावही त्याच रेल्वेमार्गावर आहे. एकही मोठा टप्पा दोनदा तुडवावा लागत नाही आणि पाच दिवसांत ताण न येता सगळे होते.

निघण्याचा वार मात्र आधी ठरवा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. दोन्हीचा एकच वार असेल या समजुतीने येणारे लोक दर आठवड्याला बंद फाटकापाशी दिसतात. बुधवारी सकाळी जळगावला उतरणे सर्वांत सोयीचे: बुधवारी अजिंठा, गुरुवारी दौलताबाद-वेरूळ, शुक्रवारी संभाजीनगर शहर, शनिवारी सिंदखेडराजावरून लोणार, रविवारी सकाळी लोणारचे विवर उतरून दुपारी शेगावकडे. मंगळवारीच संभाजीनगरात असाल तर दौलताबादचा किल्ला आणि खुलताबाद करा. ते त्या दिवशी उघडे असतात.

अजिंठ्याची सर्वांत मोठी फसगत नावात आहे. अजिंठा हे गाव वेगळे, घाटावरचे. लेणी तिथून बऱ्याच अंतरावर, फर्दापूरच्या बाजूला. वाहकाला नुसते ‘अजिंठा’ म्हटले तर तिकीट गावाचे निघते. ‘फर्दापूर, लेणी फाटा’ असे स्पष्ट सांगा. फाट्यावरून लेणी ४ किलोमीटर आत आहेत. खासगी वाहनांना पुढे सोडत नाहीत, त्यामुळे भाड्याच्या गाडीने आलेलेही इथे उतरून एसटीच्याच बसने आत जातात. म्हणजे हजारो रुपये मोजूनही शेवटचा टप्पा तोच. बसपर्यंत पोचण्याआधी दुकानांच्या रांगेतून जावे लागते. तिथे दगड, माळा आणि पुस्तके घेऊन मागे लागणाऱ्यांना ‘परत येताना बघू’ असे म्हणू नका, ते शब्द लक्षात ठेवून वाट पाहतात. सरळ नको म्हणावे.

लेण्यांना साडेतीन-चार तास द्या. ३० लेणी आहेत, पण चित्रे मुख्यतः १, २, १६ आणि १७ क्रमांकांत उरली आहेत. सकाळी पोचलात तर सुरुवातीच्या दोन लेण्यांत अडकून न पडता आधी १६-१७ गाठा. सहलींची गर्दी १ नंबरपासून हळूहळू सरकते, तेवढ्या वेळात तुम्हाला तिथे मोकळेपणाने पाहता येते. आत शिरल्याबरोबर काहीच दिसत नाही म्हणून लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात. पाच मिनिटे एका जागी शांत उभे राहा, डोळे सरावले की भिंत हळूहळू उजळते. आधी एखादा डोळा, मग मुकुटातले मोती, मग मागची झाडे. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा बंदांचे बूट नकोत. सरकवायच्या चपला आणि एक मोज्यांचा जोड बरा, कारण दुपारी बाहेरचा दगड चटका देतो. फ्लॅश चालत नाही आणि तो वापरूही नये, रंगांना बाधतो. सामान हलके ठेवा, मोठी बॅग घेऊन त्या पायऱ्या चढणे म्हणजे शिक्षा.

लेणी बंद व्हायच्या वेळी निघालात की खाली बसला रांग लागते आणि फाट्यावर येणाऱ्या संभाजीनगरच्या गाड्या आधीच भरलेल्या असतात. चारच्या आत निघालेले बरे. साध्या गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटर धरा, म्हणजे संभाजीनगरला तीन तास. गुगलचा नकाशा दोन-सव्वादोन तास दाखवतो ते मोटारीचे. सिल्लोडचा थांबा आणि शहरात शिरतानाची कोंडी त्यात धरलेली नसते.

आता वेरूळ. इथे सहलीच्या गाड्यांचा क्रम असतो आधी वेरूळ, मग दौलताबाद. एसटीने जाणाऱ्याने नेमके उलटे करावे, आणि त्यामागे कारण आहे. दौलताबाद संभाजीनगरहून १५ किलोमीटर, वेरूळ ३०, एकाच रस्त्यावर. किल्ल्याची चढण सकाळच्या गारव्यात होते, आणि वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून त्यांच्यावर खरा प्रकाश दुपारनंतर पडतो. सकाळी कैलास लेण्याची दर्शनी बाजू सावलीत असते, चार वाजता तोच दगड सोनेरी होतो. किल्ल्याला अडीच तास लागतात. खंदक ओलांडल्यावर अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, लागते. तिथे मोबाइलचा नव्हे, हातातला लहान टॉर्च न्यावा, म्हणजे दुसऱ्या हाताने भिंत धरता येते. वटवाघळांचा वास येतो, पायऱ्या उंच-सखल आहेत. पाणी माणशी दीड लिटर खालूनच भरून घ्या.

किल्ल्यापासून खुलताबाद आणि वेरूळला जायला कन्नडकडे जाणारी साधी एसटी किंवा काळीपिवळी. काळीपिवळी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ‘भरली’ याचा अर्थ तुमचा आणि चालकाचा वेगळा असतो, हे धरून चाला. बसण्याआधी भाडे विचारावे. लांब पल्ल्याच्या गाडीला हात करताना ती वेरूळला थांबते का ते वाहकाला आधी विचारा. श्रावणात हा रस्ता टाळलेला बरा. सोमवारी घृष्णेश्वरची, शुक्रवारी रात्रीपासून शनिवारभर खुलताबादच्या भद्रा मारुतीची गर्दी असते आणि वाहतूक वळवतात. एरवीही रविवारी दौलताबादच्या जुन्या दिल्ली दरवाजात कोंडी होते, कारण सगळा रस्ता त्या एका कमानीतून जातो.

वेरूळला ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. बहुतेक लोक १६ नंबरचा कैलास पाहून परततात. वेळ तीन तासांचा असेल तर १०, १२, १६, २९ आणि ३२ एवढी मन लावून पाहा. जैन लेणी कैलासापासून एक-दीड किलोमीटर उत्तरेला आहेत. चालवत नसेल तर आत वाहन मिळते, पण ते परतीला केव्हा आहे हे चढतानाच विचारून ठेवा. पावसाळ्यात २९ नंबरजवळ धबधबा कोसळतो, तिथला दगड शेवाळलेला असतो. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे हे वेरूळला उतरल्याबरोबर स्थानिक दुकानदाराला विचारावे. सूर्यास्तापर्यंत लेण्यांत रेंगाळलेला माणूस हमखास जास्त पैसे देऊन परततो.

शहरासाठी एक दिवस पुरे: बीबी का मकबरा, त्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी, पाणचक्की. जेवणाचा प्रश्नच नाही. मांसाहार करणाऱ्यांनी जुन्या शहरात नान खलिया खावा. ज्यांना पैठण करायचे आहे त्यांना ते ५० किलोमीटर पडते, नाथांचा वाडा आणि जायकवाडी धरण अर्ध्या दिवसात होते.

लोणारसाठी जालन्यावरून सिंदखेडराजाला उतरा, जिजाऊंचे जन्मस्थान आणि लखुजी जाधवांचा वाडा पाहा, मग पुढची गाडी धरा. नागपूरकडे जाणारी कोणतीही गाडी चालेल असे समजू नका. समृद्धी महामार्गाने जाणारी सिंदखेडराजाला किंवा सुलतानपूर फाट्याला थांबणार नाही. मेहकरमार्गे जाणारीच घ्या. सुलतानपूरहून लोणार १२ किलोमीटर. रात्री लोणारला राहा आणि उजाडताच विवर उतरा. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर पावणेदोन किलोमीटरहून थोडे अधिक रुंद आहे, वरून दिसते त्यापेक्षा खालची वाट लांब आणि काटेरी आहे. तळाशी अभयारण्य आहे, एकट्याने जाऊ नये, ऊन चढायच्या आत वर यावे. गावातले दैत्यसूदन मंदिर चुकवू नका.

खर्चाचा हिशेब मुद्दाम देतो. जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर साध्या एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे झाले. जळगाव ते शेगाव, वेरूळच्या जाण्या-येण्यासह, अंतर सुमारे ४७० किलोमीटर. म्हणजे एका प्रौढ पुरुषाला आठशे रुपयांच्या आसपास. महिलांना अर्धे तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, पंचाहत्तरीपुढे मोफत, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे. नवरा-बायको, आठ वर्षांचे मूल आणि सत्तरीची आजी या घराचा सगळ्या मार्गाचा एसटी खर्च दोन हजारांच्या आसपास होतो. ज्येष्ठांचे आधार कार्ड मूळ बाळगा. ‘आवडेल तेथे प्रवास’ पासाचा मोह पुष्कळांना होतो, पण साध्या भाड्याने हजार रुपयांत सुमारे ६०० किलोमीटर होतात. पासची चालू किंमत डेपोत विचारा आणि तेवढे किलोमीटर खरेच होणार आहेत का ते मोजा. या मार्गावर पास वसूल होत नाही, महिलांना तर मुळीच नाही. कोल्हापूर-सोलापूरहून एसटीनेच येणाऱ्यांचा हिशेब वेगळा.

पुरातत्त्व खात्याची तिकिटे अजिंठा-वेरूळला ४० रुपये, दौलताबाद आणि मकबऱ्याला २५, पंधरा वर्षांखालील मुलांना मोफत. फाटकावरचा कोड मोबाइलने वाचून तिकीट काढले तर माणशी ५ रुपये कमी लागतात, पण अजिंठ्याच्या दरीत रेंज दगा देते. तिथले तिकीट आदल्या रात्रीच काढून ठेवा. राहायला संभाजीनगरात रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक यांच्यामधल्या पट्ट्यात साधी लॉज आहेत. खोली आधी पाहावी, नळाला पाणी किती वाजता येते ते विचारावे, मगच पैसे द्यावेत. शेगावला संस्थानचे भक्तनिवास स्वस्त आणि स्वच्छ आहे, मात्र गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी खोलीला रांग असते. शिदोरीला बाजरीची भाकरी नको, दुसऱ्या दिवशी ती कडक होते. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ दोन दिवस उत्तम टिकतात.

आपल्याला विनंती एवढीच. पुरवणीत या भागावर लेख छापाल तेव्हा सोबत एक छोटी चौकट द्या: बंद असण्याचा वार, उतरायच्या फाट्याचे नाव, आणि त्या महिन्यातली परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ. आपल्या तालुका वार्ताहरांना ही वेळ स्थानकात एकदा जाऊन विचारता येईल. फर्दापूर, वेरूळ आणि लोणार या तीन ठिकाणांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ आहे.

आपला,
एक वाचक,
छत्रपती संभाजीनगर